माण नदीचं नेमकं कोणतं पाणी आटलं?

सांगोला तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न असा: "माझे आजोबा सांगतात की त्यांच्या लहानपणी माण नदी होळीपर्यंत झुळझुळ वाहायची. आता दिवाळीलाच पात्र कोरडं पडतं. तालुक्याच्या पावसाचे जुने आकडे मिळवून पाहिले, त्यात मला ठळक घट काही दिसत नाही. मग नदी आटली कशामुळे? हा हवामान बदलाचाच परिणाम समजायचा का?"

सर, पावसाचे आकडे आधी तपासलेत तिथेच निम्मं काम केलंत. बहुतेक लोक कोरडं पात्र दिसलं की थेट आभाळाकडे बोट दाखवतात. मी तीसेक वर्षं भीमा खोऱ्यात नद्यांची पातळी आणि विसर्ग मोजण्याच्या कामात घालवली. त्यावरून तुमच्या प्रश्नात एक दुरुस्ती सुचवतो. नदी का आटली, यापेक्षा नदीतलं कोणतं पाणी आटलं, असं विचारा. पाणी ओळखता आलं की ते कुठे गेलं हे शोधायला फार वेळ लागत नाही.

नदीत दोन वयांचं पाणी वाहत असतं. एक कालच्या पावसाचं, रानातून आणि ओढ्यांतून गढूळ होऊन धावत आलेलं. माणसारख्या नदीत ते दोन-चार दिवसांत निघून जातं. दुसरं जुनं. काही महिन्यांपूर्वी जमिनीत मुरलेलं आणि खडकाच्या सांधीकपारींतून सावकाश पात्रात पाझरणारं. ते नितळ असतं, आणि थंडीत पहाटे त्यात हात घातला तर कोमट लागतं. आम्ही त्याला बेस फ्लो म्हणतो. तुमच्याकडे हस्त-चित्रा सरल्या की पावसाचा हिशेब मिटतो, त्यामुळे दिवाळीनंतर नदीत जे काही वाहील ते सगळं या दुसऱ्या प्रकारचं. आजोबांच्या आठवणीतली झुळझुळ म्हणजे हा बेस फ्लो. वर्षाच्या एकूण पावसाच्या आकड्यात तो शोधून सापडणार नाही, कारण पाऊस पडणं आणि हे पाणी पात्रात उतरणं यांच्या मध्ये जमीन आहे. आणि बदल झालाय तो त्या जमिनीत.

आपला खडक काळा, बेसाल्ट. वाळूच्या किंवा गाळाच्या थरासारखा तो पाणी पोटभर पीत नाही. मुरूम आणि भेगाळ खडक यांत मिळून पाणी मावायला, आणि मावलेलं परत मिळायला, साधारण दोन टक्के जागा असते. आता हिशेब करू. तुमच्याकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातला दहा टक्के जमिनीत मुरला असं धरा, म्हणजे पन्नास मिलिमीटर. दोन टक्के जागेच्या खडकात पन्नास मिलिमीटर पाण्याने भूजलाची पातळी किती चढेल? अडीच मीटर. संपूर्ण पावसाळ्याची कमाई एवढीच: विहिरीच्या चार-पाच पायऱ्या, फार तर सहा. या अडीच मीटरवर नदीचा हिवाळा चालायचा.

आता उपसा बघा. शंभर चौरस किलोमीटरचं एक पाणलोट क्षेत्र घ्या. मुरलेलं पाणी पन्नास लाख घनमीटर झालं. हे सगळं नोव्हेंबर ते मार्च या दीडशे दिवसांत नदीत पाझरलं असतं तर साडेतेरा क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला साडेतेरा घनफुटांचा, प्रवाह अखंड मिळाला असता. साडेतेरा क्युसेक म्हणजे माणूस घोटा-दीड घोटा पाण्यातून पलीकडे जातो, बायका धुणं धुतात, गुरं पाण्यावर येतात. सगळं पाझरत नव्हतंच, पण निम्मं आलं तरी नदी वाहतीच म्हणायची. आता त्याच शंभर चौरस किलोमीटरवर हजार विहिरी आणि बोअर आहेत असं माना. प्रत्येकावर एक हेक्टर डाळिंब किंवा मका, आणि हेक्टरी वर्षाला पाच हजार घनमीटर पाणी. बेरीज पन्नास लाख. जमेला आणि खर्चाला एकच आकडा. नदीच्या नावे बाकी शून्य. हे आकडे मी समजावण्यासाठी सोपे करून घेतलेत. तुमच्या गावची विहिरींची संख्या पीक पाहणीच्या नोंदींत मिळेल, ती घालून बघा. माझा अंदाज, उत्तर याहून बरं येणार नाही.

विहिरी आजोबांच्या काळीही होत्या, असं तुम्ही म्हणाल. होत्या. पण तेव्हा मोट होती. मोटेला बैलजोडी लागायची, नाडा लागायचा, आणि पाणी खोल गेलं की बैल दमायचे. थोडक्यात, उपशाला बैलाच्या ताकदीची मर्यादा होती. आधी ऑइल इंजिनं आली, मग खेड्यापाड्यांत वीज आणि तिच्यावरचे पंप. १९७२ च्या दुष्काळाने विहिरी खोल केल्या, त्यानंतर बोअरची यंत्रं आली, मग पाणबुडी मोटर, आणि विहिरीच्या तळातून चारी दिशांना मारलेले आडवे बोअर. प्रत्येक टप्प्यावर पाणी आणखी थोडं खाली गेलं. एका वर्षी ते पात्राच्या तळाखाली गेलं आणि तिथे सगळं उलटलं. तोपर्यंत जमीन नदीला पाणी देत होती. त्या दिवसापासून नदी जमिनीला देऊ लागली. आता पावसाळ्यात पूर आला तरी पहिले काही दिवस पात्रच पाणी पितं, आणि पूर उतरला की ओलसुद्धा टिकत नाही. पात्रातल्या बुडक्या, म्हणजे वाळूत खणलेल्या उथळ विहिरी, कोरड्या पडल्या त्या याच काळात.

म्हणून आजोबांना एक प्रश्न विचारा: होळीचं पाणी नेमकं कधी बंद झालं? साल आठवणार नाही. पण गावात वीज आली त्याच्या आधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, एवढं ते नक्की सांगतील. माझ्या कामात अशा आठवणींचा मला मोजणी केंद्राच्या वहीइतकाच उपयोग झालाय. एक सावधगिरी तेवढी ठेवा. माणसाला चांगली वर्षं आठवतात. माणदेश १८७६-७७ च्या दुष्काळातही होरपळला होता आणि तेव्हा पंप नव्हते. दरवर्षी न चुकता होळीपर्यंत पाणी असायचं, असं समजू नका. जास्त वर्षं असायचं, एवढंच धरा.

पात्रातलीही दोन कारणं सांगायला हवीत. वाळू ही नदीची टाकी. एक किलोमीटर लांब, पन्नास मीटर रुंद आणि तीन मीटर जाड वाळूच्या थरात दीड लाख घनमीटर वाळू असते. त्यातून वीस टक्के पाणी मिळतं असं धरलं तर तीस हजार घनमीटर, म्हणजे तीन कोटी लिटर. वाळू उपसून खडक उघडा पडला की किलोमीटरमागे एवढी टाकी गेली. मोकळ्या झालेल्या पात्रात वेडी बाभूळ माजते, ती उरलीसुरली ओल मुळांनी ओढून घेते. मुख्य चोर हे दोघे नव्हेत. घर आधीच लुटलेलं असताना खिडक्यासुद्धा काढून नेणारे आहेत.

यानंतरचं कारण सांगताना मला थोडं अवघड वाटतं, कारण त्यात माझाही हात आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी पाझर तलावांच्या जागा पाहत हिंडलोय. सोलापूर जिल्ह्यात बांधबंदिस्तीची परंपरा जुनी. कोरडवाहू शेतीचं संशोधन सोलापुरात १९३३ पासून सुरू आहे, आणि मुंबई इलाख्याचा जमीन सुधारणा कायदा १९४२ चा. तेव्हापासून ताली, बांध, नालाबांध, सलग समतल चर, पाझर तलाव, शेततळी आणि गेल्या दशकातलं जलयुक्त शिवार, या सगळ्याचा हेतू एकच: धावणारं पाणी रानात थांबवायचं. ते थांबलं. ज्वारीचं पीक वाढलं, विहिरींना पाणी आलं, मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण थांबवलेलं पाणी नदीत येत नाही, हे साधं वाक्य आम्ही कुठल्याही अहवालात लिहिलं नाही. उलट मुरवलेलं पाणी पुढे नदीला मिळेल, असंच लिहीत गेलो. मधल्या विहिरींनी ते मिळू दिलं नाही. हल्ली ‘नदी पुनरुज्जीवन’ या नावाखाली वरच्या ओढ्यांवर आणखी बंधारे घातले जातात तेव्हा मी गप्प बसतो. गावाला पाणी मिळतंय त्याला विरोध कशाला करा. फक्त त्याला नदीचं नाव देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

माण छोटी नदी आहे, पण मोठ्या खोऱ्यातही हाच हिशेब चालतो, आणि तिथे आकडे पक्के असल्यामुळे चित्र जास्त स्पष्ट दिसतं. माण भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. १९०१ ते १९६० या काळात कृष्णा वर्षाला सरासरी ५७ अब्ज घनमीटर, म्हणजे दोन हजार टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी समुद्रात नेत होती. २००१ ते २००४ च्या अवर्षणात समुद्राला जवळजवळ काहीच मिळालं नाही. हे दोनच आकडे पाहणारा माणूस म्हणेल, खोऱ्यातला पाऊसच गेला. आता दुसरी जोडी बघा. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी भरवशाने मिळेल असं कृष्णेचं पाणी २०६० टीएमसी ठरवलं. त्याच कामासाठी नंतर नेमलेल्या ब्रिजेशकुमार लवादाने २०१० च्या निवाड्यात १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षं घेतली, तर तोच आकडा २१७३ टीएमसी निघाला. कमी झाला नाही, वाढला! लवादांचा आकडा ‘नैसर्गिक’ प्रवाहाचा असतो. नदीत प्रत्यक्ष दिसलेलं पाणी अधिक वर वापरलेलं, वळवलेलं, वाफ झालेलं पाणी, अशी ती बेरीज. आता दोन्ही जोड्या शेजारी ठेवा. खोरं पूर्वीइतकंच पाणी देतंय आणि समुद्राजवळ नदी कोरडी पडतेय. मधलं पाणी धरणांत, कालव्यांत, उसात आणि विहिरींत आहे.

प्रवाहाचा दीर्घकाळाचा आलेख काढला की बदलाच्या आकारावरून कारण ओळखता येतं. धरणाने होणारा बदल पायरीसारखा असतो, एका वर्षात एकदम खाली. भीमेवर १९८० साली उजनी पुरी झाली, एकूण क्षमता ११७ टीएमसी. धरणाखालच्या कोणत्याही केंद्राच्या आलेखात ते साल डोळ्यांना दिसतं, चाचणी लावावी लागत नाही. पाणी पश्चिमेला वळवण्याचा प्रकारही तसाच. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ चं, भिरा १९२७ चं. इंद्रायणी आणि मुळा यांच्या माथ्यावरचं, म्हणजे भीमेच्या हक्काचं पाणी शंभर वर्षांपासून घाट उतरून कोकणात जातंय. भिऱ्याला पाणी पुरवणाऱ्या मुळशी धरणाविरुद्धचा सत्याग्रह जमिनीसाठी होता, पाणी कुठे जाणार हा प्रश्न तेव्हा फारसा कुणाला पडला नव्हता. विहिरी, बांध, पीकपद्धती यांचा बदल मात्र उतारासारखा, दरवर्षी थोडाथोडा. आणि हवामानाचे स्वतःचे चढउतार लाटेसारखे, दहा-वीस वर्षं वर, दहा-वीस वर्षं खाली.

ही लाट भल्याभल्यांना चकवते. हर्स्ट नावाचा इंग्रज अभियंता कैरोत नाईल नदीवर काम करत होता. नाईलच्या काठी रोडा बेटावर इसवी सन ६२२ पासूनच्या पाणीपातळीच्या नोंदी आहेत. त्या आणि इतर नोंदी तपासून १९५१ साली त्याने दाखवलं की ओली वर्षं ओल्यांच्या मागे आणि कोरडी कोरड्यांच्या मागे, आपण समजतो त्यापेक्षा खूप लांबवर रांगेने येतात. त्यामुळे तीस वर्षांच्या आकड्यांत दिसणारी घट ही लांब लाटेची एक बाजू असू शकते. अमेरिकेत कोलोरॅडो नदीचं वाटप १९२२ साली झालं, ते अशाच एका ओल्या तुकड्यावर विसंबून. नंतर झाडांच्या खोडांतल्या वर्षवलयांवरून कळलं की तो काळ कित्येक शतकांतला जास्त पाण्याचा होता. नदीत नसलेलं पाणी कागदावर वाटून झालं होतं, त्याचं भांडण अजून मिटलेलं नाही. तेव्हा विद्यार्थ्यांकडून मान-केंडाल चाचणी (आकड्यांत सातत्याने घट किंवा वाढ आहे का हे तपासणारी; हिचा माण नदीशी काही संबंध नाही) लावून घेणार असाल तर कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हे आधी बघा. १९५० च्या दशकातल्या भरघोस वर्षापासून सुरुवात केली तर कुठलीही नदी आटलेली दिसते.

आकड्यांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. विसर्ग रोज कुणी मोजत नाही. रोज वाचतात ती पट्टीवरची पातळी. पातळी आणि विसर्ग यांचं कोष्टक वर्षातून काही वेळा प्रत्यक्ष मोजणी करून बसवलेलं असतं. पात्रातली वाळू उचलली की तळ खाली जातो, विसर्ग तेवढाच असूनही पट्टीवरची पातळी कमी दिसते, आणि जुनं कोष्टक वापरलं तर नदी कागदावर आटते. एका केंद्रावर मला सलग तीन महिने रोज सकाळी आठची पातळी एकच लिहिलेली सापडली होती, दशांशासकट. नदी एवढी शिस्तीची कधीच नसते. गेज रीडर, म्हणजे पट्टी वाचणारा माणूस, दुसऱ्या गावी राहायला गेला होता, आठवड्यातून एकदा येऊन वही भरायचा. त्याला दोष किती द्यायचा? मिळणाऱ्या मानधनात त्याचं पेट्रोलही भागत नव्हतं. पुढे त्या तीन महिन्यांचे आकडे एका प्रबंधात ‘उन्हाळी प्रवाहातील स्थैर्य’ म्हणून आले, तेव्हा मात्र मी कपाळावर हात मारला.

आता तुमच्या मूळ शंकेकडे, हवामान बदल. तो खरा आहे. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान ०.७ अंशांच्या आसपास वाढलं. १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि ही घट ठळक दिसली ती गंगेच्या मैदानात आणि सह्याद्रीत. सह्याद्रीतली घट भीमा-कृष्णेला लागते, कारण त्यांचं बहुतेक पाणी घाटमाथ्याच्या अरुंद पट्टीतून येतं. माण मात्र मुख्य घाटमाथ्याच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत उगम पावते आणि पर्जन्यछायेतच मिळते. तिचा जीव परतीच्या पावसावर.

तुमच्या नदीपुरतं दोन गोष्टींकडे लक्ष द्या. कोरड्या भागात पाऊस दहा टक्क्यांनी घटला की प्रवाह दहा टक्क्यांनी घटत नाही, वीस-तीस टक्क्यांनी घटतो, कारण जमीन आणि पिकं आपला वाटा आधी घेतात आणि तूट नदीच्या वाट्याला येते. म्हणून तुम्हाला ‘ठळक’ न वाटलेली घट नदीला ठळक असू शकते. दुसरं म्हणजे तुम्ही वार्षिक बेरीज पाहिलीत, पावसाचे दिवस मोजा. शंभर मिलिमीटर दहा दिवसांत पडला तर मुरतो. तोच एका रात्रीत कोसळला तर पूल बुडतो, बातमी होते, आणि आठवड्याने विहिरीत काही नसतं. बेरीज दोन्हीकडे शंभरच. सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस वेगळा काढा, आणि सलग तीन-चार दिवसांच्या भिजपावसाचे स्पेल मोजा. वार्षिक आकड्यात लपलेलं काहीतरी तिथे नक्की दिसेल.

तरी माझं मत विचाराल तर, माणचा हिवाळी प्रवाह मुख्यतः उपशाने आणि वरच्या अडवणुकीने गेला. हवामान बदल त्या आधीच रित्या झालेल्या नदीवर येतोय. तो अवर्षणाची वर्षं अधिक कडक करील, पूर अधिक आडदांड करील. पण उद्या तापमान १९५० सालचं झालं तरी होळीचं पाणी परत येणार नाही, कारण मधली अडीच मीटर जागा दरवर्षी रिकामी केली जाते.

एक गंमत तुम्हीही पाहत असालच. टेंभू योजनेचं पाणी माण नदीत सोडतात आणि भर उन्हाळ्यात बंधारे भरतात. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी कित्येक टप्पे चढून तुमच्या पात्रात वाहतं. आणखी वीस वर्षांनी एखादा विद्यार्थी एप्रिलच्या नोंदी मांडेल आणि २०१० नंतर माणचा उन्हाळी प्रवाह ‘सुधारला’ असं लिहील. त्याच्यासाठी आजच शाळेच्या वहीत नोंद करून ठेवा: कोणत्या तारखेला पाणी सोडलं, कोणत्या तारखेला बंद झालं.

आणि एक काम या कोजागरीला करा. पात्रापासून शंभर-दोनशे मीटरच्या आतल्या पाच-सहा विहिरी निवडा. दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. सकाळी पंप सुरू होण्याआधी मोजा, नाहीतर आकडा खोटा येतो. मग पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी पातळी काढतात तशी, विहिरीच्या काठाची उंची पात्राच्या तळाशी जुळवून घ्या. विहिरीतलं पाणी तळापेक्षा वर असेल तर त्या जागी नदी अजून जिवंत आहे. खाली असेल तर किती खाली, ते फुटांत लिहून मला पाठवा. सहा विहिरींतली एखादी जरी वर निघाली, तरी ती कोणाची, तिच्या आसपास कोणतं पीक आहे आणि तिथे उपसा कमी का, हे मला जाणून घ्यायचंय.